अवर सचिव चाळीस मिनिटं गप्प होते

दादा,

ढोकेसाहेबांनी तुला ‘अल्पशा आजाराने’ मारलं. मंगळवारी सकाळी दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज पडला: कालकथित सुधाकर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन, पुण्यानुमोदन रविवारी सकाळी अकरा वाजता, भोजनाची व्यवस्था आहे. वाचून मला आधी हसू आलं, मग हसू आल्याचा राग आला, आणि मग तो राग काढायचा कुणावर हे कळेना. ज्याच्यावर काढायची सवय होती तो तू, फोटोत हार घालून बसला होतास.

तसं ढोकेसाहेबांचं चुकलं नव्हतं. न्यूमोनिया, चार दिवस, संपलं. पण त्या चार दिवसांच्या आधी चाळीस वर्षं होती की नाही? बाविसाव्या वर्षी जडलेला स्किझोफ्रेनिया तू बासष्टाव्या वर्षापर्यंत रोज गोळ्या घेऊन, सुट्टी न घेता सांभाळलास. त्याला ‘अल्पसा’ म्हणायचं? मी ग्रुपवर ‘दीर्घ आजाराने’ असं तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. ‘दीर्घ’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कसला आजार? आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर आपल्या घराने मराठीत कधी दिलेलंच नाही.

आज रविवार. कार्यक्रम झाला, खुर्च्या परत गेल्या, मोठी पातेली परत गेली, आणि मी तुझ्या फोटोसमोर चहा घेऊन बसले आहे. पुण्यानुमोदनात घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलायचे असतात, आणि घरची म्हणजे आता मी एकटीच. तुझी माझ्याकडे आयुष्यात एकच मागणी होती, तिच्यावरून आपलं नऊ वर्षं भांडण चाललं होतं: आपल्या या लोकांसमोर मला एकदा माझ्या आजाराचं नाव घेऊ दे, नाहीतर तू घे. मी आज ते घेतलं की नाही, सांगते. पण मी सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेली बाई आहे. पार्श्वभूमी लिहिल्याशिवाय मला निर्णयावर येता येत नाही.

तर पार्श्वभूमी. सरोजिनी नगरचं क्वार्टर. तुला पहिल्यांदा आवाज ऐकू यायला लागले तेव्हा उमरेडहून आलेल्या आत्याने लिंबू उतरवायचं सुचवलं, आणि बाबांनी तिला दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवून दिलं. “आपण बुद्धाची माणसं. आपण डॉक्टरकडे जातो,” म्हणाले. तिसऱ्या दिवशी तू मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत उभा होतास. आजार ओळखायलाच लोकांची वर्षं जातात, तुझे तीन दिवस गेले. बाबांचे हे उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये त्यांनी दुसरंही सांगितलं. “हे बाहेर बोलायचं नाही. आपल्यावर बोट ठेवायला लोक जागाच शोधत असतात, आपण होऊन दाखवायची नाही.” त्यांनी जे भोगलं होतं त्यातून ते बोलत होते, मी त्यांना दोष देत नाही. मात्र पहिला नियम आपण पाळला त्याहून दुसरा नियम आपण जास्त कडक पाळला. रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही म्हणायच्या जागी, मला खोकला यायचा. “शालू, चौथ्यालाच बरा तुझा घसा धरतो,” तू म्हणायचास.

गंमत अशी की हे मौन फक्त मराठीपुरतं होतं. हिंदीत तू, आपण नंतर राहायला आलो त्या अख्ख्या सेक्टरला सांगून ठेवलं होतंस. भाजीवाल्याला सांगायचास, “भैया, आज दवाई से नींद आ रही है, मटर आप ही छांट दो.” ई-रिक्शावाल्याला गोळीचं नाव पाठ होतं. गेटवरच्या गार्डला तर अवर सचिवांच्या सगळ्या सवयी ठाऊक होत्या. तो तुला सकाळी विचारायचा, “साहब का मूड कैसा है आज?” आणि तू सांगायचास. मंडळाच्या लोकांना मात्र मी सांगितलं होतं की दादा घरूनच काही भाषांतराची कामं करतो. कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

अवर सचिव म्हणजे तुझ्या डोक्यातला तो आवाज. इतरांना काय काय भयंकर ऐकू येतं ते आपण वॉर्डात पाहिलं होतं. तुझ्या वाट्याला आला तो एक अधिकारी. शुद्ध सरकारी हिंदी, कधी शिवी नाही, फक्त सतत नापसंती. “यह क्या लाए हो? भिंडी है यह?” “चप्पल ठीक से रखो.” “तुमसे नहीं होगा.” सुरुवातीची वर्षं ते रात्रंदिवस बोलायचे, आणि ती वर्षं हसण्यासारखी नव्हती. गोळ्यांनी त्यांचा कामाचा वेळ कमी झाला, पण रिटायर मात्र ते कधी झाले नाहीत. बाबा आयुष्यभर ज्या पदाला घाबरले ते पद तुझ्या डोक्यात जाऊन बसलं. आणि मी ज्या पदासाठी बत्तीस वर्षं फायली उपसल्या, ते मला न मिळता तुझ्या डोक्यात फुकट मिळत होतं, याचा मला कधी कधी खरंच राग यायचा.

मग नऊ वर्षांपूर्वी गरिमा आली. हॉस्पिटलमध्ये पीएच.डी. करणारी मेरठची मुलगी, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. ओपीडीच्या बाकावर तुझ्या शेजारी बसून तिने समजावलं, “अंकल, साधारण एमआरआय में दिमाग की फोटो आती है. हम उसी मशीन से देखते हैं कि अंदर कौन सा केमिकल कितना है. सुई नहीं, कुछ नहीं.” त्या मोठ्या चुंबकात प्रत्येक रसायन आपापला बारीकसा संदेश देतं, पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ येते आणि शिखराच्या उंचीवरून अंदाज बांधतात, असं काहीतरी. नेहमीच्या गोळ्या डोपामिन नावाच्या रसायनावर काम करतात. पण काहींचे आवाज गोळ्यांनीही पूर्ण जात नाहीत, तेव्हा त्यांच्यात ग्लुटामेट नावाच्या दुसऱ्याच रसायनाची गडबड असेल का, हे त्यांना पाहायचं होतं. तुझे अवर सचिव अजून हजर होते आणि वयाच्या अटीत तू जेमतेम बसत होतास. एवढ्या आनंदाने तुझी निवड त्याआधी कुठल्याच कार्यालयाने केली नव्हती.

‘ग्लुटामेट’ ऐकताच तू कान टवकारलेस. “म्हणजे ते चाउमीनमध्ये घालतात तेच ना?” गरिमा हसली. म्हणाली, खाण्यातलं असं सरळ उठून डोक्यात जाऊन बसत नाही, आप आराम से खाओ. पण तू कुठला ऐकतोस! सरोजिनी नगर मार्केटमध्ये त्या ठेल्यावर तू वीस वर्षं खाल्लेल्या चाउमीनचा पश्चात्ताप सुरू केलास आणि तीन आठवडे ते सोडलंस. चौथ्या आठवड्यात ठेल्यासमोरून जाताना इतका करुण चेहरा केलास की मीच एक प्लेट मागवली. “विज्ञानासाठी माणसाने किती सोडायचं यार,” म्हणत सगळी एकट्याने संपवलीस.

मग सराव. गरिमाने सांगितलं होतं की आत चाळीस मिनिटं अजिबात हलायचं नाही आणि मशीन फार आवाज करतं. तू जेवणाच्या टेबलाखाली सतरंजी टाकलीस, पुठ्ठ्याच्या खोक्यात डोकं घातलंस आणि मला म्हणालास, “मिक्सर लाव.” मी म्हटलं, रिकामा मिक्सर चाळीस मिनिटं चालवला तर जळेल. “मग काहीतरी वाट ना.” म्हणून मी शेंगदाण्याची चटणी केली, मग जवसाची, मग तिळाची, मग कारळाची. आठ दिवसांत घरात वर्षभराच्या चटण्या झाल्या. शेजारच्या अरोराबाई विचारायला आल्या तेव्हा त्यांना टेबलाखालून फक्त तुझे पाय दिसले. तू हलला नाहीस. मी त्यांना एक डबा चटणी देऊन बाहेर काढलं.

धातूचं काही अंगावर नको, हेही तू मनावर घेतलंस. तिथे गाऊन देतात हे माहीत असून सरोजिनी नगरला जाऊन तू खास पोशाख आणलास: चेनऐवजी नाडीची विजार आणि एक टी-शर्ट. बटण नाही, हुक नाही, तू खूश. मात्र टी-शर्टच्या छातीवर चंदेरी चमकीचा भलामोठा वाघ होता. टेक्निशियनने दारातच अडवलं. “अंकल, ये शेर अंदर नहीं जाएगा.” तू त्याच्याशी पाच मिनिटं वाद घातलास, मग वाघ काढून घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलास.

आणि त्याआधी कॉरिडॉरमध्ये तो फॉर्म. हे मी तुझ्यासमोर नऊ वर्षं हसण्यावारी नेलं, आज नेणार नाही. गरिमाला रुग्णांबरोबर एक गट बाहेरच्या निरोगी माणसांचा हवा होता, आणि एक रुग्णांच्या सख्ख्या भावंडांचा. एका रक्ताची माणसं, आजार नसला तरी रसायनात काही साम्य असेल का, हे तपासायचं होतं. तू गळ घातलीस म्हणून मी हो म्हटलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आपण दोघं शेजारी शेजारी बसून आपापले फॉर्म भरत होतो. तू संमतीपत्राचा शब्दन् शब्द वाचून गरिमाला शंका विचारत होतास. माझ्या फॉर्मवर प्रश्न होता, परिवार में किसी को मानसिक रोग? मी ‘नहीं’वर खूण केली, सही केली, तारीख घातली आणि कागद दिला. लबाडीसुद्धा नव्हती त्यात, दादा. विम्याचा फॉर्म, नोकरीतला फॉर्म, स्थळांसाठी आईने भरलेली माहिती, सगळीकडे तिथे ‘नाही’च लिहायचं असतं हे हाताला ठाऊक होतं. माझं लक्षही नव्हतं.

गरिमाने कागद वाचला. पुन्हा वाचला. मग फार नम्रपणे म्हणाली, “मॅडम, आपने यहां ‘नहीं’ लिखा है.”

“हां, तो?”

“तो फिर... आप बहन किसकी हैं?”

तू इतका हसलास की वॉर्डबॉय बघायला आला. “अरे, इन्हें तुम दूसरे ग्रुप में ले लो,” तू गरिमाला म्हणालास. “हम तो मेट्रो में मिले थे.” गरिमाही हसली, मीही हसले. खुर्ची धरून हसले. आणि तुला आत घेऊन गेले.

चाळीस मिनिटांनी तू बाहेर आलास तो चेहरा मी विसरणार नाही. परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा नव्हता, त्याहून शांत होता. माझ्याजवळ वाकून तू हळूच म्हणालास, “शालू, अवर सचिव गप्प.” मला कळेना. “आत मशीन इतकं ठणाणा करतं ना, त्यांचं काही चालेना. चाळीस मिनिटं एक शब्द नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एकटा होतो गं.” इतक्या कर्णकर्कश आवाजाच्या नळीतून शांतता घेऊन येणारा माणूस मी तुझ्याशिवाय पाहिला नाही. तू गरिमाला विचारलंस की महिन्याचा पास मिळेल का. तिने ‘ये हम नाप नहीं रहे अंकल’ असं म्हणत तरीही ते आपल्या वहीत लिहून घेतलं. त्यासाठी मी त्या मुलीची ऋणी आहे.

मग मी आत गेले आणि नापास झाले. “मॅडम, आप बहुत हिलीं, डेटा खराब आया.” पुन्हा घेतला, पुन्हा खराब. तुझा मात्र असा स्वच्छ आला की गरिमाने इतरांना दाखवायला ठेवला. तू भाजीवाल्यापासून गार्डपर्यंत सगळ्यांना सांगितलंस, “हमारा पास, बहन फेल. और बीमार हम हैं.” मी तुला सांगितलं की माझ्या नाकाला खाज सुटली होती. नव्हती सुटली. मी आत रडत होते. ‘आप बहन किसकी हैं’, एवढं एकच डोक्यात फिरत होतं, आणि डोकं मशीनच्या त्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यात असल्यामुळे त्याला दुसरीकडे कुठे नेता येत नव्हतं. उताणं पडून रडलं की पाणी थेट कानात जातं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुसायचीही सोय नाही, हात हलवायचा नाही म्हणून सांगितलेलं. तू बाहेर आपला वाघ पुन्हा अंगात घालत होतास, आणि मी आत हुंदके दाबायच्या नादात सरकारी मशीनचा दीड तास वाया घालवत होते. हे तुला सांगायचं राहून गेलं.

पुढे तू आकडा मागितलास. माझ्या डोक्यात ते ग्लुटामेट किती, मला सांगा. गरिमा म्हणाली, एकट्याचा आकडा देत नाही आम्ही, कारण एकट्याच्या आकड्याला अर्थ नसतो. कुणाचा जास्त निघतो, कुणाचा कमी, कुणाचा चारचौघांसारखा. पुष्कळ जणांचे एकत्र केले की काहीतरी दिसतं, तेही ‘शायद’. तू नाराज होशील असं मला वाटलं होतं. तू विचार करून म्हणालास, “म्हणजे मी एकटा असलो तर काहीच सिद्ध होत नाही. आणखी लोक यायला पाहिजेत.” हे वाक्य तुला इतकं आवडलं की घरी येऊन तू ते वहीत लिहिलंस.

आकड्याऐवजी तिने तुला तुझ्या मेंदूचा छापील फोटो दिला, आभार म्हणून. तो तू फ्रिजवर लावलास. मराठी पाहुणे यायचे असले की मी तो काढायची. एकदा ढोकेसाहेब न सांगता आले, फ्रिजसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “वा, फ्लॉवर छान आलाय फोटोत.” मी म्हटलं, हो, दादाला बागकामाची आवड आहे. नवव्या मजल्यावर! ते गेल्यावर मी फोटो घाईने फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात सरकवला आणि विसरले. तुला तो दोन दिवसांनी सापडला, कोथिंबिरीखाली, दमट. पंख्याखाली वाळवलास आणि पुन्हा लावलास.

आणि मग ते व्याख्यान. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात कुणीतरी दहा मिनिटं विज्ञानावर बोलायचं असतं. तू मला न विचारता ढोकेसाहेबांकडे नाव दिलंस. विषय: माझ्या मेंदूतलं रसायन. तू पंधरा दिवस तयारी केलीस, आरशासमोर बोललास, मला घड्याळ लावायला सांगितलंस. मी घड्याळ लावलं, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ढोकेसाहेबांना फोन करून सांगितलं की दादाचा घसा पार बसलाय, त्याचं नाव काढा. दुसऱ्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलास. तुझी पाळी आली तेव्हा माइकऐवजी ढोकेसाहेबांनी तुझ्या हातात हळदीचं गरम दूध दिलं. सगळ्या सभागृहासमोर तू ते प्यायलास. पूर्ण प्यायलास. त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस, सगळं अवर सचिवांमार्फत. “अवर सचिव म्हणतात, चहात साखर कमी आहे.” “अवर सचिवांची अशी इच्छा आहे की टीव्हीचा आवाज कमी व्हावा.” मीही शेवटी विचारलं, अवर सचिवांना जेवायला काय करू? तेव्हा तू हसलास, आणि बोलायला लागलास, आणि लगेच भांडायला लागलास.

भांडणात मी एकच म्हणायची, हे मी तुझ्यासाठी करते, लोक तुला नावं ठेवतील. आणि तू म्हणायचास, “माझ्यासाठी नाही शालू. हिंदीत लोकांनी मला काय नावं ठेवली? तू स्वतःसाठी लपवतेस.” मी तुला तोडून बोलायची, ताट आपटायची, एकदा तर चक्क ओपीडीचा कागद फाडला. तुझं बरोबर होतं. एवढं लिहायला मला तू जाण्याची वाट पाहावी लागली, याची मला लाज वाटते.

आता आजचा वृत्तांत. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली. एकाने तुला समाजाचा आधारस्तंभ केलं. दुसऱ्याने तू भाषांतराच्या क्षेत्रात दिलेल्या योगदानाचा उल्लेख केला, त्याला मी जबाबदार आहे. मग एक गृहस्थ म्हणाले, “सुधाकरभाऊ अत्यंत मितभाषी होते.” मितभाषी! तू! जो दूधवाल्याला अर्धा तास उभं करून ठेवायचास! दादा, त्या क्षणी मला कळलं की या माणसांना तू कधी भेटलाच नाहीस. त्यांच्यासमोर गेलास की तू गप्प बसायचास, कारण निघताना दारात मी सांगायची, तिथे फार बोलू नकोस. ते गृहस्थ तुझी आठवण सांगत नव्हते, माझी करामत सांगत होते.

मी उठले. कागद आणला होता, तो वाचलाच नाही. म्हटलं, “माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. चाळीस वर्षं होता. तुम्हाला मी सांगितलं नाही, आणि त्यालाही सांगू दिलं नाही. त्याचा घसा कधीच बसला नव्हता.” ढोकेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही. तुझ्या मशीनमध्ये असते तर सगळे पास झाले असते. मग मी मिक्सरचं सांगितलं, वाघाचं सांगितलं. वाघाचं ऐकून मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि घाबरून थांबलं. मी म्हटलं, हसा, त्याला आवडायचं. मग बरेच हसले. फॉर्मचंही सांगितलं, मी काय खूण केली ते. तिथे कुणी हसलं नाही. मी खाली बसले.

ढोकेसाहेबांनी समारोप केला: समाजाची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे, आणि आज एका आजाराविषयी उपयुक्त माहितीही मिळाली आहे, आता सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा. लोकांनी घेतला. पंगतीत चर्चा झाली ती वांग्याच्या भाजीची, तिखट कमी आहे अशी. माझ्याशी सगळे नेहमीसारखे बोलले, दोन बायका जरा जास्तच गोड बोलल्या. मी वाढत होते आणि मनात तुझ्याशी भांडत होते. बघ, म्हटलं, नऊ वर्षं डोकं खाल्लंस. आकाश कोसळेल असं मी म्हणत होते, ते कोसळलं नाही. लोक पुढे येतील असं तू म्हणत होतास, तेही आले नाहीत. आपण दोघंही हरलो.

सगळे हात धुऊन निघाले तरी करोल बागच्या रामटेकेबाई बेसिनपाशीच उभ्या होत्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, आवाज असा की मंडळात त्यांना कधी माइक लागला नाही. नळ नुसताच वाहत होता. मी तो बंद करायला गेले तर त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, “ते मशीन... त्यात एकट्यालाच जावं लागतं का?”

“कुणाला न्यायचंय?” मी विचारलं.

त्यांनी मागे पाहिलं. दारात चपला घालणारी सगळी आपलीच माणसं. मग त्या अगदी हळू, हिंदीत म्हणाल्या, “मेरी बेटी को.”

वर्षा. आम्हा सगळ्यांच्या लेखी ती लग्न होऊन भोपाळला आहे, गेली कित्येक वर्षं. रामटेकेबाई हिंदीतच सांगत राहिल्या. औषध चालू आहे, डॉक्टर चांगले आहेत, त्यांनीच अशा एका तपासणीसाठी विचारलं आहे. मुलीला जायचंही आहे, पण त्या नळीत एकटीने जायला ती भिते. यांना स्वतःला पेसमेकर बसवलेला, त्या खोलीत यांना पाऊल टाकता येत नाही. “किसी को अंदर बैठने देते हैं क्या? हाथ पकड़ने के लिए?”

दादा, हे मी तुला सांगितलेलं नाही. बसू देतात. अंगावरचं धातूचं काढायचं, कानात बोळे घालायचे आणि पायाशी खुर्ची टाकून बसायचं. त्या दिवशी तुला आत नेताना टेक्निशियनने मला विचारलं होतं, साथ में बैठेंगी? आणि मी म्हटलं होतं, नाही, मी बाहेर ठीक आहे. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. बाहेर आल्यावर तू मला म्हणालास, आत कुणाला येऊ देत नसतील ना, आणि मी म्हटलं, नाही देत.

“देतात,” मी रामटेकेबाईंना मराठीत म्हटलं. “मी येते वर्षाबरोबर.”

त्यांनी पदराने हात पुसले, मग डोळे. “शनिवारी बोलावलंय,” त्या म्हणाल्या, मराठीत, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, की दारातल्या चपला घालणाऱ्यांनी वळून पाहिलं.

शनिवारी आम्ही तिघी जातोय, दादा. आत मी बसणार आहे.